नंदी कोरण्यासाठी गोल पटाश्या: संच घ्यावा की सुट्या घ्याव्यात?

वर्धेकडचा_वाढई

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका गावात सुतारकाम करतो. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. वर्षभर दारे-खिडक्या, दिवाण आणि पेरणीच्या तोंडावर वखर-डवऱ्याची दुरुस्ती, असे काम असते. ज्येष्ठ सरत आला, की मात्र तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करायला घेतो. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगतो, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून मिरवतात, त्याला तान्हा पोळा म्हणतात. आजवर मी साधे नंदी करत आलो: करवतीने आकार कापायचा, सरळ पटाशीने कोपरे मारायचे, कानशीने घासायचे आणि रंग द्यायचा. रंगाखाली पुष्कळ झाकले जाते. या वर्षी दोन गिऱ्हाइकांनी रंगाशिवायचे, कोरीव, हातभर उंचीचे नंदी मागितले आहेत. एक सागवानाचा आणि एक शिवणीचा. वशिंडाचा उतार, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या, डोळे आणि शिंगांची मुळे हे सर्व त्यात स्वच्छ दिसले पाहिजे.

याकरिता मी मागील महिन्यात बारा नगांचा कोरीवकामाचा संच घरबसल्या मागवला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तशा संचांवर दर महिन्याला वेगळेच नाव छापलेले दिसते. मुठी तांबड्या, पाती आरशासारखी. शिवणीवर पहिला दिवस ठीक गेला. सागवानावर दुसऱ्याच दिवशी तीन पटाश्यांची धार वळली आणि एकीचा कोपरा ज्वारीच्या दाण्याएवढा उडाला. धार लावून पुन्हा पाहिले; अर्ध्या तासात पुन्हा तेच. बारा नगांपैकी पाच तर जवळजवळ एकाच गोलाईचे निघाले.

आता हातात पाच हजार रुपये आहेत आणि पोळ्याला अडीच महिने आहेत. चांगला संच घ्यावा, की सुट्या पटाश्या घ्याव्यात? सुट्या घ्यायच्या तर कोणत्या? आमच्या गावच्या लोहाराकडून करून घेणे शहाणपणाचे ठरेल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_निदेशक

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच लिहून ठेवले आहे: बारापैकी पाच नग एकाच गोलाईचे. संच करणारा नगांची संख्या विकतो आणि कोरणाऱ्याला तर गोलाई हवी असते. म्हणून संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोल पटाशीला दोन मापे असतात. एक रुंदी, जी धारेच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात. आणि दुसरे गोलाईचा क्रमांक. इंग्लंडमधील शेफील्डच्या जुन्या यादीप्रमाणे १ म्हणजे सरळ धार, २ म्हणजे तिरकी धार, ३ म्हणजे नजरेला जेमतेम जाणवणारी गोलाई, आणि तेथून खोली वाढत वाढत ९ क्रमांकाला बरोबर अर्धे वर्तुळ होते. १० आणि ११ त्याहून खोल, उभ्या भिंतींच्या नाल्यासारख्या असतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकाची पटाशी निराळी. दुकानदाराने क्रमांक सांगितला नाही तर धारेला शाई लावून ती कागदावर दाबावी; उमटलेल्या कमानीच्या टोकाला पुन्हा कमान जोडत गेल्यास वर्तुळ पूर्ण होते. किती दाबांत ते पूर्ण झाले, यावरून गोलाईचा अंदाज येतो. ९ क्रमांकाची असेल तर दोन दाबांत वर्तुळ मिटते, ३ क्रमांकाला पुष्कळ दाब लागतात.

आता नंदीकडे पाहू. पाठ, वशिंडाचा उतार आणि पुठ्ठे यांसाठी ३ किंवा ५ क्रमांकाची, २० मिलिमीटरच्या आसपास रुंदीची पटाशी पुरे. पृष्ठभाग साफ करण्याचे सर्व काम तीच करते. सुरुवातीला लाकूड भराभर काढण्यासाठी ७ किंवा ८ क्रमांकाची १६ ते १८ मिलिमीटरची हवी. पोळीच्या घड्यांना ११ क्रमांकाची ३ ते ५ मिलिमीटरची. डोळ्यासाठी ९ क्रमांकाची, डोळ्याच्या मापाची. झूल, मोरकी यांच्या रेषांना व्ही पटाशी. एकूण पाच झाल्या. सरळ पटाशी आपल्याकडे आहेच.

पोलादाविषयी एवढेच सांगतो, की पात्याची चकाकी ही पॉलिशची असते. तिचा धारेशी संबंध नाही. चांगल्या पटाशीची कठिनता रॉकवेल मापावर साधारण ५९ ते ६१ असते. ते यंत्र गावात मिळणार नाही, परंतु चांगली बारीक कानस मिळेल. धारेजवळ ती हलकेच चालवावी: घसरली तर पाते कठीण आहे, आणि चावून भुकटी पाडू लागली तर ते पाते सागवानासाठी निकामी समजावे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे चांगली धारही त्यावर लवकर बोथट होते; मऊ पाते टिकण्याचा प्रश्नच नाही.

वर्धेकडचा_वाढई

सर, कानशीची परीक्षा आत्ताच केली. बारापैकी नऊ नगांना कानस चावली. उरलेल्या तीनपैकी एकीचा कोपरा आधीच उडालेला आहे. म्हणजे एका संचात काही मऊ आणि काही ठिसूळ, असेही होते काय?

भाता_ऐरण

होते. भट्टीत नग ढिगाने टाकले, की कडेचा वेगळा तापतो आणि मधला वेगळा. मी लोहार आहे. दारव्ह्याकडे वडिलोपार्जित लोहारसाळ आहे. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा हे नेहमीचे काम, आणि चार-पाच वर्षांपासून सुतारांसाठी पटाश्याही घडवतो. त्यामुळे गावच्या लोहाराचा प्रश्न वाचून राहवले नाही.

वाढईभाऊ, लोहाराकडून अवश्य करून घ्या, पण त्याला कोणते लोखंड देता आणि पाणी कसे द्यायला (म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करायला) सांगता, यावर सर्व अवलंबून आहे. बांधकामाच्या सळईची पटाशी कोणी देत असेल तर फुकटही घेऊ नका. तिच्यात कार्बन इतका कमी असतो, की कितीही पाणी दिले तरी ती कठीण होत नाही. ट्रकचा पाटा सर्वांना ठाऊक आहे. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान आणि जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम असते. तो चिवट असतो, मोगरीचा मार सोसतो, म्हणून भोक पाडायच्या जाड पटाशीला उत्तम. कोरीवकामाच्या पातळ धारेसाठी मी मोठ्या बेअरिंगची बाहेरची कडी वापरतो. त्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. धार बारीक लागते आणि पुष्कळ टिकते. मात्र ते घडवायला कठीण आहे. फार तापवले तर चुरा होतो आणि कमी तापवून घण मारला तर तडा जातो.

आता पाण्याविषयी. पाणी देणे म्हणतात, तरी पाटा आणि बेअरिंग या दोन्हींना पाण्यात बुडवायचे नसते, तेलात बुडवायचे असते. पाण्यात टाकले, की टिचल्याचा बारीक आवाज येतो आणि पात्यावर केसाएवढी चीर पडते; ती कधी कधी धार लावेपर्यंत दिसतही नाही. तापमान ओळखण्यासाठी मी चुंबक जवळ ठेवतो. पोलाद साधारण ७७० अंशांच्या वर गेले, की चुंबक त्याला धरत नाही. त्यानंतर थोडे अधिक तापवून तेलात सोडायचे. भरदुपारी उन्हात उभे राहून लालीचा अंदाज करणारे लोक फसतात, म्हणून हे काम मी सकाळी अंधारात किंवा साळेची दारे लोटून करतो.

तेलातून काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्याला परत मंद तापवून उतार द्यावा लागतो. पाते घासून पांढरे करायचे आणि शेपटाकडून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या टोकाकडून, तापवायचे. मग रंग धारेकडे सरकत येतात: आधी फिकट गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. कोरीवकामाच्या धारेला गव्हाळ रंग पोहोचला, की थांबायचे; तो साधारण २२० ते २३० अंशांचा असतो. निळा म्हणजे ३०० अंशांच्या जवळपास. तो स्प्रिंगला योग्य, धारेला नव्हे. तुमच्या संचातली जी उडाली, तिला उतार मिळालाच नव्हता, आणि जी वळली तिला एकतर पाणी चढले नव्हते किंवा घासताना ते उतरले होते.

जुना_निदेशक

भाता_ऐरण यांनी फार चांगले लिहिले आहे. एक पुस्ती जोडतो. अनेक सुतार जुन्या कानशीची पटाशी करून मागतात. कानशीत कार्बन एक टक्क्याहून अधिक असतो, त्यामुळे धार अप्रतिम येते, हे खरे. परंतु दात पूर्ण घासून काढल्याशिवाय घडवली तर दाताच्या मुळाशी तडा सुरू होतो. पाणी उतरवून मऊ न करता तशीच घासून पटाशी केलेली कानस मोगरीखाली फुटते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. माझ्या वर्गात असे एकदा झाले होते. सुदैवाने तुकडा चष्म्यावर आपटला. त्या दिवसापासून कानशीच्या पटाशीला मी वर्गात बंदी केली.

गोलाईच्या बाबतीत मात्र लोहारभाऊंशी थोडा मतभेद नोंदवतो. सरळ पटाशी गावात उत्तम होते. गोल पटाशीची आतली बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कमानीत आणि गुळगुळीत असावी लागते. धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. आतल्या बाजूला घणाचे खळगे राहिले, तर बाहेरून कितीही घासा, धार दातेरीच राहते.

भाता_ऐरण

मान्य आहे, सर. त्यासाठी मी ऐरणीवर ठेवण्याचे साचे केले आहेत. एक नर, एक मादी. तरी ११ क्रमांकासारखी अरुंद आणि खोल पटाशी मी करत नाही, कारण आतून घासायला जागा राहत नाही. व्ही पटाशीही करत नाही. व्हीच्या तळाशी दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या आल्या नाहीत, तर टोकाला नखासारखे काही तरी उरते आणि ते लाकूड फाडते. या दोन विकत घ्या. बाकीच्या घडवता येतील.

रविवारचा_सुतार

मी नागपुरात नोकरी करतो, गाव काटोलजवळ आहे, आणि रविवारी गावी जाऊन लाकडाशी झटतो. विकतच्या पटाश्यांवर बराच पैसा घालवलेला असल्याने त्याविषयी लिहितो.

स्वित्झर्लंडच्या ‘फाइल’ या कंपनीच्या (जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ बाण, आणि पात्यावर बाणाचीच खूण असते) पटाश्या माझ्याकडे तीन आहेत. मुठी अष्टकोनी असतात, त्यामुळे उतरत्या फळीवरून घरंगळत नाहीत. आणि धार लावूनच येतात, डबा उघडला की काम सुरू. त्यांची एक गोल पटाशी आपल्याकडे येईपर्यंत तीन-चार हजारांची होते, म्हणून पाच हजारांत पाच नग घेण्याचा विचारही करू नये. चेक देशातील ‘नारेक्स’ त्यामानाने स्वस्त पडते आणि पोलाद भरवशाचे असते. तिच्या पात्यावर लाखेसारखा थर असतो. तो थिनरने पुसून मगच दगडावर घ्यावी, नाही तर दगडाचे तोंड भरते.

एका गोष्टीत मी स्वतः फसलो आहे. निदेशक सरांनी सांगितलेले क्रमांक शेफील्डचे आहेत. स्विस क्रमांक दिसायला तसेच असले तरी तंतोतंत जुळत नाहीत. शेफील्डमध्ये २ म्हणजे तिरक्या धारेची सपाट पटाशी. स्विस यादीत २ म्हणजे अगदी उथळ गोल पटाशी. मला तिरकी हवी होती, आली उथळ गोल. आता तीच माझी सर्वांत आवडती आहे, हा भाग वेगळा. मागवताना क्रमांकाबरोबर धारेच्या कमानीचे चित्रही पाहावे.

बाहेरून उतार दिलेली आणि आतून उतार दिलेली (येथे उतार म्हणजे धारेची तिरकी घासलेली बाजू, तापवून दिलेला उतार नव्हे), अशा दोन प्रकारच्या गोल पटाश्या असतात, हेही बघून घ्या. कोरीवकामाला बाहेरून उतार असलेलीच हवी. आतून उतार असलेली पटाशी गोल सांधे जुळवण्यासाठी असते. ती लाकडात खाली खाली घुसते आणि वर येतच नाही.

शिवणकाठ

मी आरमोरीजवळ राहते आणि वडिलांकडून लाकूड कोरायला शिकले. वर पोलादाची चर्चा भरपूर झाली. मूठ आणि पावसाळा यांवर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक असते. त्या दिवसांत मुठीचे लाकूड आकसते, शेंबी (मुठीच्या टोकाची धातूची कडी) ढिली होऊन खुळखुळते आणि पात्याचे शेपूट मुठीत हलू लागते. पुष्कळ लोक अशा वेळी मूठ पाण्यात भिजत घालतात. त्या दिवशी ती घट्ट बसते, पण वाळल्यावर आधीपेक्षा ढिली होते. त्यापेक्षा मुठीला कच्चे जवसाचे तेल पातळ हाताने तीन-चार वेळा, मध्ये काही दिवस सोडून द्यावे. ते वाळून लाकडात मुरते आणि पाण्याची ये-जा मंदावते. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून उघड्यावर वाळवावी.

तेच जवसाचे तेल पात्याला मात्र लावू नये, कारण त्याचा चिकट थर बसतो. पात्याला शिवणयंत्राचे तेल पुसटसे लावावे. श्रावणात रात्रीतून गंज चढतो, तोही नेमका धारेवर. आणि पटाश्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या तर ओल गोणपाटच धरून ठेवते. मी फळीला भोके पाडून त्यात त्या उभ्या ठेवते, धार वर. लहान मुले असलेल्या घरात धार खाली ठेवावी.

मूठ धावड्याची असेल तर मार सोसते. आमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच असतात. आणि वाढईभाऊ, लोखंडी हातोडीने मारू नका. बाभळीची गोल मोगरी करा, अर्ध्या किलोच्या थोडी पुढे. गोल मोगरीला कोणतेही तोंड चालते, त्यामुळे नजर धारेवर राहते, मोगरीवर जात नाही.

वर्धेकडचा_वाढई

ताई, सर, दादा, सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न धारेचा. सरळ पटाशीला मी २५ अंशांचा उतार देतो आणि टोकाला थोडा अधिक. गोल पटाशी तशीच लावली, तर मधला भाग झिजून कोपरे पुढे राहतात. काय चुकते?

जुना_निदेशक

हात पुढे-मागे जातो, पण मनगट पूर्ण फिरत नाही, म्हणून मधला भाग अधिक घासला जातो. दगड आडवा ठेवावा, पटाशीचा उतार त्यावर पूर्ण टेकवावा आणि पटाशी दगडाच्या लांबीवर बाजूबाजूने सरकवताना मनगट एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवावे. कोपऱ्याशी पोहोचल्यावर थांबावे. पुढे फिरवले तर कोपरा गोल होतो. शिवणीसारख्या मऊ लाकडाला २० अंश आणि सागवानाला २५ अंश पुरे. उतार सपाट असावा. पोटासारखा फुगला, की पटाशी लाकडावर टेकत नाही, उडते.

बाहेरून घासून झाल्यावर आतल्या बाजूला सूक्ष्म कोर, म्हणजे पोलादाची वळलेली बारीक कड, उठते. बोटाला ती जाणवते. गोल कडेच्या छोट्या दगडाने ती आतून काढावी आणि नंतर चामड्यावर हिरवे क्रोमियम ऑक्साइड लावून धार मागे ओढावी, पुढे ढकलू नये. शेवटी धार दिव्याखाली धरावी. कोठेही पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तेथे धार नाही. खऱ्या धारेवरून उजेड परतत नाही. लाकडावरही तीच खूण दिसते: कापलेल्या गुळगुळीत चरात पांढरी रेघ उमटत असेल, तर धारेला त्या जागी खाच आहे.

ग्राइंडरवर घासण्याचा मोह झाला, तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवावे. टोक निळे झाले, म्हणजे लोहारभाऊंनी वर सांगितलेला निळा रंग तुम्ही स्वतःच आणलात.

वर्धेकडचा_वाढई

दीड महिन्यानंतर लिहितो आहे. ५ क्रमांकाची २० मिलिमीटर आणि ८ क्रमांकाची १८ मिलिमीटर, या दोन पटाश्या भाता_ऐरण यांच्याकडून बेअरिंगच्या घडवून आणल्या. बसने जाऊन येण्यात एक दिवस गेला, पण साचा प्रत्यक्ष पाहता आला. ११ क्रमांकाची, ९ क्रमांकाची आणि व्ही या तीन नारेक्सच्या मागवल्या. खर्च पाच हजारांच्या थोडा वर गेला. त्या बारा नगांपैकी कठीण निघालेले दोन ठेवले. उरलेल्यांचा उपयोग रंगाचे डबे उघडायला होतो.

बेअरिंगच्या पटाशीने सागवानाचे वशिंड साफ करताना दर वीस मिनिटांनी ती चामड्यावर ओढावी लागते, दगडावर मात्र दिवसातून एकदाच. शिवणीवर तर सकाळची धार संध्याकाळपर्यंत जाते.

डोळ्याचे सांगायचे राहिले. संचातल्या पटाशीने मी पहिल्या नंदीचा डावा डोळा कोरायला गेलो, तेव्हा पात्याला आतूनही उतार असल्याने ते आतल्या लाकडाला दाबत गेले आणि बुबुळाचा गोल टवका होऊन उडाला. तो नंदी आता घरच्या नातवासाठी, एका डोळ्याचा. नव्या ९ क्रमांकाच्या पटाशीने दुसऱ्या नंदीवर वरून एक दाब दिला, पटाशी उलटी करून खालून एक दाब दिला. दोन कमानी कोपऱ्यांशी जुळल्या आणि वर्तुळ मिटले. मग ५ क्रमांकाच्या पटाशीने भोवतालचे लाकूड त्या चिरेपर्यंत उतरवत नेले, तेव्हा मधला गोल जागचा हलला नाही. उजव्या डोळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. सागवानाच्या नंदीची पोळी अजून बाकी आहे. ११ क्रमांकाची पटाशी घड्यांच्या वळणावर लाकडाच्या रेषेच्या उलट जाते, तेथे थोडे फाटते. त्या जागी दोन्ही बाजूंनी घडीच्या उंचवट्याकडे कोरत यावे काय?

शिवणकाठ

उलट करा, भाऊ. घडीच्या उंचवट्यापासून खोलाकडे दोन्ही बाजूंनी उतरा आणि तळाशी भेटवा. खालून वर कोरले, की ते फाटणारच.